परका माणूस आणि मतांची पेटी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी ज्ञातीचा इतिहास, विद्यार्थी साहाय्यक निधी, विवाहप्रसंगीचा वायफळ खर्च अशा विषयांवर अधिकारी व्यक्ती आपले विचार मांडीत असतात. मी जुनी अकरावी झालेला, सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत धुळाक्षरे गिरवून घेतलेला एक साधा शिक्षक. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य चिटणिसांनी मला दिले, म्हणून एरवी येथे कोणी बोलणार नाही असा विषय मी घेतला आहे. राजकीय पक्षांचे पुढारी मते मिळविण्यासाठी परक्या माणसाविषयी, अल्पसंख्य माणसाविषयी जी भाषा वापरतात, तिच्यासंबंधी मला आज बोलावयाचे आहे.

हा विषय ज्ञातिसंस्थेच्या संमेलनात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या डोक्यावरच्या ह्या छपरातच आहे. निवडणूक जवळ आली की ह्याच सभागृहात सर्व पक्षांचे उमेदवार येऊन जातात. आपण त्यांना शाल-श्रीफळ देतो. ते आपल्या पूर्वजांच्या कर्तबगारीची स्तुती करतात. इतके होईपर्यंत काही बिघडत नाही. परंतु स्तुती संपली की पुढची दहा मिनिटे दुसऱ्या कोणत्यातरी समाजाविषयी असतात. तो समाज कसा वाढत चालला आहे, कसा आपल्या ताटातला घास पळवीत आहे, ह्याविषयी असतात. आणि टाळ्या, मी लक्ष देऊन पाहिले आहे, स्तुतीपेक्षा ह्या दहा मिनिटांनाच अधिक पडतात. मी कोणत्याही पक्षाचा सभासद नाही व होण्याचे वयही आता राहिले नाही. पण सभागृह आपले आहे, आणि टाळ्याही आपल्याच आहेत.

आपल्या घरातील दोष पाहावयाचा झाला तर आधी दूरचे घर पाहावे. तेथे डोळा स्वच्छ राहतो. म्हणून मी आपणांस प्रथम इंग्लंडात घेऊन जातो. त्या कथेत परका माणूस म्हणजे आपण आहोत, हाही तिचा एक गुणच म्हणावयाचा.

कथेचा आरंभ एका परिचित नावाने करतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन केलेले दादाभाई नवरोजी १८८६ साली लंडनच्या होबर्न मतदारसंघातून पार्लमेंटच्या निवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले. दोन वर्षांनी, १८८८ च्या नोव्हेंबरात, खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी ह्यांनी एडिंबरो येथील सभेत अशा आशयाचे उद्गार काढले की इंग्रज मतदार एका काळ्या माणसाला निवडून देण्याइतके पुढे गेले आहेत असे आपणांस वाटत नाही. दादाभाईंचा वर्ण तर चांगला गोरा होता! ह्या उद्गारावर इंग्लंडातच मोठी टीका झाली, आणि ज्यांनी दादाभाईंचे नावही ऐकले नव्हते त्यांना ते ठाऊक झाले. १८९२ साली फिन्सबरी सेंट्रलमधून ते अवघ्या ५ मतांनी निवडून आले. नवरोजी हे नाव उच्चारावयास कठीण जाई म्हणून, आणि मताधिक्य इतके निसटते म्हणून, लोक त्यांना विनोदाने ‘नॅरो मेजॉरिटी’ म्हणू लागले. पाच का होईना, त्या पाच माणसांना मी मनातल्या मनात नमस्कार करीत आलो आहे.

पुढे लंडनच्या पूर्व भागात रशियातून पळून आलेले गरीब ज्यू वस्तीला आले. ते घाणेरडे आहेत, एका खोलीत दहा राहतात, कमी मजुरीत काम करून आमची भाकरी हिरावतात, असा आरडाओरडा झाला व त्याचा शेवट १९०५ च्या परकीयांविषयीच्या कायद्यात झाला. त्याच्याही आधी हीच वाक्ये आयर्लंडहून आलेल्या मजुरांविषयी बोलली जात होती. नाव तेवढे बदलावे, वाक्य तेच ठेवावे! आमच्या शाळेत रिकाम्या जागा भरण्याची प्रश्नपत्रिका असे, तिच्यासारखाच हा प्रकार आहे.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. बर्मिंगहॅमला लागून स्मेदिक नावाचे एक गाव आहे. त्या काळी वस्ती सुमारे ७० हजार. ओतशाळा आणि लोखंडी कामाचे कारखाने हा तेथील धंदा. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला माणसांचा तुटवडा पडला होता. १९४८ च्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकास तेथे जाऊन राहण्याचा व काम करण्याचा हक्क होता. त्यानुसार पंजाबातील शीख शेतकऱ्यांची मुले स्मेदिकच्या भट्ट्यांपाशी उभी राहिली. जे काम गोऱ्या मजुरास नकोसे झाले होते, ते उष्णतेचे, धुराचे, रात्रपाळीचे काम ती करू लागली. मात्र गावातील काही मद्यगृहांत त्यांना गोऱ्यांच्या दालनात बसू दिले जात नसे, आणि घर भाड्याने मिळणे तर त्याहून दुष्कर होते.

घरांची टंचाई खरी होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. नगरपालिकेच्या घरांसाठी प्रतीक्षायादी लांब होती. गोरा कामगार वर्षानुवर्षे जुन्या, ओलसर घरांत दिवस काढीत होता. पण ही टंचाई पंजाब्यांनी निर्माण केली नव्हती. घरे बांधली गेली नव्हती, म्हणून टंचाई होती. आणि घरे का बांधली गेली नाहीत हा प्रश्न नगरपालिकेला, सरकारला, जमिनीच्या मालकांना विचारावा लागला असता. त्याला हिशेब लागतो, चिकाटी लागते. शेजारच्या दारातील फेटा बांधलेल्या माणसाकडे बोट दाखविण्यास काहीही लागत नाही.

१५ ऑक्टोबर १९६४ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. स्मेदिकचे विद्यमान सभासद मजूर पक्षाचे पॅट्रिक गॉर्डन वॉकर १९४५ पासून तेथून निवडून येत होते, आणि मजूर पक्षाचे सरकार आले तर ते परराष्ट्रमंत्री होणार हे ठरलेलेच होते. त्यांच्याविरुद्ध हुजूर पक्षाने पीटर ग्रिफिथ्स ह्यांना उभे केले. हे गृहस्थ माझ्याच धंद्यातले, म्हणजे प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. हे वाचले तेव्हा मला फार वाईट वाटले. निवडणुकीच्या काळात गावात एक घोषणा फिरत होती. काळ्या माणसाचा शेजार हवा असेल तर मजूर पक्षाला मत द्या, असा तिचा मतितार्थ. मूळ शब्द अत्यंत गलिच्छ होता, तो ह्या सभेत उच्चारण्याजोगा नाही. ग्रिफिथ्स ह्यांनी ही घोषणा स्वतः काढली असे कोणी सिद्ध केले नाही. परंतु तिचा निषेध करण्याचे त्यांनी नाकारले. असे बोलणाऱ्यास आपण दोष देणार नाही, ती लोकभावना आहे, अशा अर्थाचे ते बोलले.

येथे मी क्षणभर थांबतो, कारण सबंध विद्येची किल्ली येथे आहे. पुढारी घाणेरडा शब्द स्वतः क्वचितच बोलतो. तो बोलणारा कोणीतरी गल्लीतला असतो, भिंतीवर रात्री लिहिणारा असतो. आजच्या काळी भ्रमणध्वनीवरून निनावी संदेश धाडणारा असतो. पुढाऱ्याने करावयाचे ते इतकेच की निषेध करावयाचा नाही आणि ‘लोकभावना’ हा शब्द वापरावयाचा. शब्द दुसऱ्याचा, मत आपले. वर्गात एखादा द्वाड मुलगा खोडी काढतो आणि मागच्या बाकावरचा हुशार मुलगा गालातल्या गालात हसतो. शिक्षा द्वाडाला होते. पण अनुभवी मास्तरला ठाऊक असते की खोडीचा उगम कोठे आहे.

निकाल काय लागला? देशभर वारा मजूर पक्षाच्या बाजूने वाहत होता व त्या पक्षाचे सरकारही आले. स्मेदिकमध्ये मात्र वारा उलटा वाहिला, सुमारे ७ टक्के मते हुजूर पक्षाकडे वळली आणि ग्रिफिथ्स १,७७४ मतांनी निवडून आले. नवे पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन ह्यांनी भर पार्लमेंटात ग्रिफिथ्स ह्यांना महारोग्यासारखे वाळीत टाकावे, अशी कठोर भाषा वापरली. (महारोग्यांनी काय अपराध केला होता, असा प्रश्न माझ्या मनात येतो; पण तो असो.) त्याच सुमारास तेथील मार्शल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरील गोऱ्या रहिवाशांनी मागणी केली की विकावयास निघालेली घरे नगरपालिकेने विकत घ्यावीत व ती केवळ गोऱ्या कुटुंबांस द्यावीत. नगरपालिका त्यास अनुकूल झाली. गृहनिर्माणमंत्री रिचर्ड क्रॉसमन ह्यांनी कर्जाची परवानगी नाकारली, म्हणून तो बेत फसला. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतील निग्रो समाजाचे पुढारी माल्कम एक्स मुद्दाम तो रस्ता पाहावयास आले होते. त्यानंतर नऊच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला.

१९६६ साली ग्रिफिथ्स स्मेदिकमधून पराभूत झाले. इतके ऐकून आपणांस वाटेल की सत्याचा जय झाला व गोष्ट संपली. तसे नाही. खरी हानी दुसरीकडेच झाली होती. १९६२ साली हुजूर पक्षाने राष्ट्रकुलातील लोकांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा आणला तेव्हा मजूर पक्षाने त्यास कडाडून विरोध केला होता. स्मेदिकच्या पराभवानंतर त्याच मजूर पक्षाच्या सरकारने ऑगस्ट १९६५ मध्ये प्रवेशपत्रांची संख्या वर्षाला केवळ ८,५०० वर आणून ठेवली. म्हणजे निवडणुकीत जो हरला त्याची भाषा जिंकलेल्याने उचलली! भाषेचा विजय हा असा होतो. त्यास मताधिक्य लागत नाही. प्रतिपक्षाच्या मनात भीती शिरली की पुरे. पुढे १९६८ साली केनियातील हिंदी लोक, ज्यांच्या हाती ब्रिटिश पारपत्रे होती, तेथील सरकारच्या धोरणामुळे इंग्लंडला येऊ लागले तेव्हा ह्याच पक्षाने तीन दिवसांत एक कायदा संमत करून घेतला. पारपत्र असले तरी स्वतः, आईबाप अथवा आजीआजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असावेत, अशा स्वरूपाची त्यात अट होती. कागदावर वर्ण हा शब्द कोठेही नव्हता. आजोबा मात्र गोरेच हवेत, असे त्या अटीतून निष्पन्न होत होते.

त्याच वर्षी २० एप्रिल रोजी बर्मिंगहॅम येथे ईनॉक पॉवेल ह्यांचे ते कुप्रसिद्ध भाषण झाले. हा मनुष्य अडाणी नव्हता. वयाच्या पंचविशीत ग्रीक भाषेचा प्राध्यापक झालेला, युद्धकाळात हिंदुस्थानात राहून उर्दू शिकलेला, असा प्रकांड पंडित होता. शिक्षणाने माणूस सुधारतो असे मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो. पॉवेलसाहेबांचे चरित्र त्या विधानास एक मोठे अपवादाचे चिन्ह लावते. भाषणात त्यांनी आपल्या मतदारसंघातील एका वृद्ध गोऱ्या विधवेची हकीकत सांगितली. परक्यांनी तिला कसे छळले ते वर्णन केले. पुढे बातमीदारांनी तिचा शोध घेतला, पण ती सापडली नाही. दुसऱ्याच दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ ह्यांनी पॉवेल ह्यांना आपल्या मंडळातून काढून टाकले, ही गोष्ट हीथ ह्यांस भूषणावह होय. परंतु भाषणानंतर तीन दिवसांनी लंडनच्या गोदीतील सुमारे हजार कामगार पॉवेल ह्यांच्या बाजूने पार्लमेंटवर मोर्चा घेऊन गेले. रस्त्यावर दिसलेल्या काळ्या माणसास त्या आठवड्यात काय वाटले असेल, त्याची नोंद पार्लमेंटच्या दप्तरात नसावी.

युगांडाची हकीकत थोडक्यात सांगतो. तेथे पक्ष नव्हता, एकच लष्करशहा होता, म्हणून ती ह्या विषयाच्या थोडी कडेला पडते. ४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीन ह्यांनी हिंदी लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. सुमारे २७ हजार लोक इंग्लंडात पोहोचले. त्यांतील पुष्कळांचा ओढा लेस्टर शहराकडे होता. तेव्हा त्या शहराच्या नगरपालिकेने कंपालाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की, आपल्या व आपल्या कुटुंबाच्या हितासाठी कृपया येथे येऊ नका! तरीही लोक गेले. १९७६ च्या तेथील निवडणुकीत परक्यांना परत पाठवा म्हणणाऱ्या ‘नॅशनल फ्रंट’ पक्षास सुमारे १८ टक्के मते मिळाली. आज त्याच लेस्टरची दिवाळी भारताबाहेरील मोठ्या दिवाळ्यांपैकी एक मानली जाते. युगांडात काय झाले? हिंदी व्यापाऱ्यांची दुकाने शिपायांना वाटली गेली, साखरेचे कारखाने काही वर्षांत बंद पडल्यासारखे झाले, आणि पुढच्या राजवटीला त्याच लोकांना परत या म्हणून बोलावावे लागले.

लेस्टरविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी ती आपल्याला गोड वाटणार नाही. २०२२ च्या ऑगस्टअखेरीस क्रिकेटचा एक सामना झाला व त्यानंतर सप्टेंबरात तेथील हिंदू व मुसलमान तरुण रस्त्यावर एकमेकांसमोर उभे राहिले. भ्रमणध्वनीवरील खोट्या वार्तांनी त्या आगीत तेल ओतले. ज्यांच्या वाडवडिलांना एकाच जाहिरातीने एकत्र नाकारले होते, त्यांच्या ह्या नातवंडांनी आपसांत परके शोधून काढले.

आणि गोमंतकाशी संबंध असलेली एक हकीकत. १९६८ साली केनियातून इंग्लंडला गेलेल्या लोकांत पुष्कळ गोमंतकीय होते. अशाच एका मूळच्या गोमंतकीय गृहस्थाची कन्या सुएला ब्रॅव्हरमन पुढे त्या देशाची गृहमंत्री झाली. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी पार्लमेंटात, लहान होड्यांतून येणाऱ्या निर्वासितांविषयी बोलताना तिने ‘आक्रमण’ हा शब्द वापरला. ज्या दारातून बाप आत आला त्या दाराशी मुलगी अशा रीतीने उभी राहिली. तिला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही. नव्याने आत आलेल्या माणसाला आपण आतले आहोत हे सिद्ध करण्याची घाई असते, आणि त्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे बाहेरच्याला अधिक मोठ्या आवाजात बाहेरचा म्हणणे.

स्मेदिकचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २०१८ साली तेथे पहिल्या महायुद्धात लढलेल्या शीख सैनिकाचा पुतळा उभा राहिला, आणि २०२४ च्या निवडणुकीत स्मेदिक मतदारसंघातून गुरिंदरसिंग जोसन हे निवडून आले. त्याच २०२४ च्या उन्हाळ्यात साउथपोर्ट येथे तीन लहान मुलींची निर्घृण हत्या झाली. हत्या करणारा नुकताच होडीतून आलेला मुसलमान निर्वासित आहे अशी थाप काही तासांत देशभर पसरली, मशिदीवर दगड पडले, निर्वासितांच्या निवासांना वेढे पडले. आरोपी तर ब्रिटनमध्येच, कार्डिफ येथे जन्मलेला निघाला. म्हणजे साठ वर्षांत सुधारणा झाली नाही असे नव्हे, आणि रोग गेला असेही नव्हे.

आता स्वगृही येतो.

मुंबईत ‘मार्मिक’ साप्ताहिक १९६० साली सुरू झाले. त्यात ‘वाचा आणि थंड बसा’ ह्या मथळ्याखाली निरनिराळ्या कंपन्यांतील दक्षिणी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या प्रसिद्ध होत. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. त्या वेळी मराठी तरुणाला नोकरी मिळत नव्हती, ही तक्रार स्मेदिकमधील घरांच्या टंचाईइतकीच खरी होती; तिला खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु याद्यांत नावे कोणाची होती? लघुलेखकाची, हिशेबनीसाची, मधल्या अधिकाऱ्याची. कंपनीच्या मालकाचे नाव यादीत नसे. उडप्याच्या उपाहारगृहावर दगड पडले; ज्या गिरणीतून मराठी कामगार कमी झाला तिच्या मालकाच्या बंगल्यावर पडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुढे दक्षिणी माणूस मागे पडला व मुसलमान पुढे आला. ऑक्टोबर २००८ मध्ये, आता दुसऱ्याच एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी, रेल्वेच्या परीक्षेस आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण केली. पुन्हा तीच प्रश्नपत्रिका, रिकाम्या जागी नवे नाव. आणि मधल्या काळात, डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये, मुंबईत ९०० माणसे प्राणास मुकली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात हा आकडा आहे. त्यांत मुसलमान ५७५ व हिंदू २७५ होते. पेटविलेली आग एकाच बाजूची घरे जाळीत नाही.

ह्याचा अर्थ दुसरे पक्ष स्वच्छ आहेत असा कोणी घेऊ नये. बेळगावच्या मराठी माणसाला तो तेथे परका आहे हे ऐकावे लागते, तेव्हा तेच व्याकरण कन्नड भाषेत चाललेले असते. आणि ज्यांच्या तोंडी सर्वधर्मसमभाव असतो तेही उमेदवारी वाटताना कोणत्या जातीची किती डोकी आहेत हेच मोजतात.

व्याकरण हा शब्द मी सहज वापरला नाही. मास्तरकी केल्यामुळे मला वाक्ये तपासण्याची खोड आहे. ह्या भाषणांतील वाक्ये तपासली तर त्यांत ‘काही’ हे विशेषण कधी नसते. काही माणसे चोरी करतात, हे वाक्य खरे असते व त्यावर पोलिसांत जाता येते. ‘काही’ गाळले की ‘ते चोर आहेत’ असे वाक्य उरते, आणि त्यावर कोणालाच कोठे जाता येत नाही. फक्त संतापता येते. वर्गात मुलगा येऊन सांगे, ‘गुरुजी, त्याने माझी पाटी फोडली.’ ह्यात एकवचन आहे. मी ‘त्या’ला उभा करी, पाटी पाही, निवाडा देई. पण ‘गुरुजी, ती खालच्या आळीची मुले अशीच असतात,’ असे कोणी म्हणाला की मी विचारी, ‘कोण? नाव सांग.’ बहुधा नाव निघत नसे. तीच गोष्ट गणिताची. अमुक समाज दुप्पट झाला, असे पुढारी सांगतो. कशाच्या दुप्पट, किती वर्षांत, आणि तेवढ्या काळात आपण किती वाढलो, हे तीन प्रश्न इयत्ता चौथीचा मुलगा विचारू शकतो. आपण सुशिक्षित माणसे विचारीत नाही.

क्रियापद तर बहुधा भविष्यकाळी असते. ते येतील, ते बळकावतील, ते आपल्याला नाहीसे करतील. भविष्यकाळ खोटा पाडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. १९६८ साली पॉवेलसाहेबांनी भविष्यकाळातच भाषण केले होते.

आता एक अडचणीचा प्रश्न. आपण स्वतः ज्ञातिसंस्था चालवितो. मग ‘आपले’ आणि ‘परके’ ह्या भेदावर बोलण्याचा आपल्याला अधिकार काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्याची माझी इच्छा नाही. ह्या संस्थेच्या निधीतून गरीब विद्यार्थ्यांना वह्यापुस्तके मिळाली, निराधार भगिनींना आधार मिळाला, हे सत्य आहे. आपल्या माणसाला जेवू घालणे हा अपराध नव्हे. परंतु आपल्या माणसाला जेवू घालताना शेजाऱ्याच्या ताटात माती टाकली पाहिजे असे थोडेच आहे? जी संस्था पहिले काम करते ती घरासारखी आहे. दुसरे काम करू लागली की ती छावणी होते, आणि उमेदवारांना छावण्याच हव्या असतात, कारण छावणीत एकाचा हुकूम सर्वांना लागू पडतो.

कायदा ह्याविषयी काय म्हणतो ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसावे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा ह्यांच्या नावाने मत मागणे, अथवा देऊ नका म्हणणे, हा भ्रष्टाचार ठरतो. ह्या कारणांवरून नागरिकांत वैर माजविणेही तसेच. हा नियम कागदावरच राहिला असेही नाही. १९८७ च्या डिसेंबरात विलेपार्ले येथे झालेल्या विधानसभेच्या पोटनिवडणुकीतील भाषणांवरून डॉ. रमेश प्रभू ह्यांची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली, व ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. भाषणे करणारे बाळासाहेब ठाकरे ह्यांचा मताधिकारही त्यामुळे सहा वर्षे काढून घेण्यात आला. पुढे २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितले की ही मनाई केवळ उमेदवाराच्या धर्म-जातीपुरती नसून मतदारांच्या धर्म-जातीलाही लागू आहे. कलमात ‘जात’ हा शब्द आहे, इकडे मी आपले लक्ष वेधतो. येथे येऊन ‘मी आपल्याच ज्ञातीचा, म्हणून मत द्या’ असे म्हणणारा उमेदवार, आणि तसे म्हणविणारे आपले यजमान, ह्या कलमाच्या किती जवळ जातात, त्याचा विचार कार्यकारी मंडळातील वकील सभासदांनी करावा.

आपल्यातील किती कुटुंबांची मुले आज लंडनला, अमेरिकेत, आखातात, ऑस्ट्रेलियात आहेत! त्यांची पत्रे, म्हणजे आता त्यांचे दूरध्वनी, येतात. तिकडे एखाद्या पुढाऱ्याने परक्यांना घालवून देण्याची भाषा केली की आईवडिलांचा जीव येथे खालीवर होतो. व्हिसाचे काय होईल ह्या चिंतेने रात्ररात्र झोप लागत नाही. मग तेच आईवडील दुसऱ्या दिवशी सकाळी, येथील कोणत्यातरी वस्तीविषयी आलेला तसलाच संदेश, न वाचता दहा जणांना पुढे धाडतात. ही विसंगती कोणा एका घरातली नाही.

म्हणून मी एक ठराव लेखी स्वरूपात चिटणिसांच्या स्वाधीन केला आहे. त्यात तीनच गोष्टी आहेत. निवडणुकीच्या काळात सभागृह कोणत्याही पक्षास द्यावयाचे झाल्यास भाडेपत्रावर एक अट असावी, ती ही की वक्त्याने कोणत्याही धर्माच्या, जातीच्या, भाषेच्या वा प्रांताच्या लोकांविषयी निंदाव्यंजक बोलू नये. बोलल्यास अध्यक्षांनी त्यास तेथेच थांबवावे व अनामत जप्त करावी. दुसरी, उमेदवारांस संस्थेच्या वतीने शाल-श्रीफळ देण्याची प्रथा बंद करावी. द्यावयाचे असेल तर ते शालान्त परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना द्यावे. तिसरी, संस्थेच्या नावाने चालणाऱ्या संदेशगटावर ज्याचा कर्ता व आधार ठाऊक नाही असा मजकूर येऊ नये, ह्याची जबाबदारी एका सभासदाकडे सोपवावी.

पहिल्या अटीमुळे काही पक्ष सभागृह घेणार नाहीत व भाड्याचे उत्पन्न कमी होईल, असा आक्षेप मजजवळ एका जबाबदार सभासदांनी घेतला आहे. तो खरा आहे. गेल्या निवडणुकीत ह्या भाड्यातून दोन शिष्यवृत्त्या निघाल्या होत्या, हेही खरे. ती तूट कशी भरून काढावयाची ह्याविषयी मी माझ्यापरीने एक रक्कम चिटणिसांकडे दिली आहे. आणखी कोणाची इच्छा असल्यास त्यांनी भोजनोत्तर कार्यालयात भेटावे. ठराव सर्वसाधारण सभेत चर्चेस येईल. त्या वेळी विरुद्ध बोलणारांनीही अवश्य बोलावे. मी उत्तर देण्यास उपस्थित राहीन.